बिनआवाजाचा शॉट

बेलापुरातल्या निम्म्या बायकांना दमयंतीबाईंनी शाळेत निबंध शिकवलेला आहे. बाजारात गेल्या की भाजीवालीपासून बँकेतल्या मुलीपर्यंत कोणी ना कोणी "बाई, ओळखलंत का?" म्हणत पुढे येतं. बाईंना नाव आठवलं नाही तरी बाकावरची जागा आठवते. "खिडकीपाशी बसायचीस तू," असं त्या म्हणतात आणि समोरची खूश होते. अशा बोलक्या बाईंच्या घरात नवरा-बायको चार वर्षं एकमेकांशी शब्द बोलत नव्हते, हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. गोजरबाईला.

गोजरबाई सकाळी आठला यायची आणि अकराला जायची. धुणं, भांडी, फरशी ही कामं नावाला. खरं काम निरोप्याचं.

"गोजरबाई, साहेबांना सांग, गॅस संपलाय. नंबर लावायला हवा." हे साहेबांपासून चार हातांवर उभं राहून.

"सायेब, बाई म्हणत्यात ग्यास संपला."

"ऐकलं. लावतो म्हणावं."

"बाई, सायेब लावतो म्हणत्यात." मग बादली उचलता उचलता, कोणालाच उद्देशून नाही अशा बेतानं, "दोघांचे बी कान शाबूत हायत. मदी माझी जीभ कशापायी झिजवत्यात देवाला ठावं."

त्यावर दोघंही हसायचे. वेगवेगळ्या खोल्यांत.

अकरानंतर मात्र घर गप्प होई. ताट वाढून बाई आत गेल्या की त्यांच्या पाठोपाठ साहेब, म्हणजे शामकांत, उठून यायचे. जेवून झालं की ताट धुवून पालथं घालायचे. दुपारी ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत, बाई आतल्या खोलीत. संध्याकाळी ते नदीकडे फिरायला जात आणि ते परतले की बाई देवळात जात. दाराची किल्ली दोघांत कधी आडवी आली नाही, इतकं सगळं बसून गेलं होतं.

भांडण म्हणावं असं भांडण झालंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका दुपारी इराचा फोन आला. इरा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली शेवटची पाच कशी गेली ते बाईंना तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. शामकांतांना तेवढंही नव्हतं. फोन त्यांनी उचलला. इरा म्हणाली, "बाबा, मी सामान घेऊन येते. कायमची." आणि शामकांत, ज्यांनी आयुष्यात या मुलीवर कधी आवाज चढवला नव्हता, ते तसाच आवाज न चढवता म्हणाले, "चार दिवस ये. पाहुणी म्हणून ये. कायमची यायचं असेल तर गावाला काय सांगायचं ते आधी ठरवून ये."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला कणीक होती. त्यांनी सगळं ऐकलं. फोन मागून घ्यावा, 'आधी ये बाळा' असं ओरडावं, निदान पुढे तरी व्हावं. त्या जागच्या हलल्या नाहीत. पलीकडून "बरं" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

इरा आली नाही. तिनं पुण्यातच एक खोली घेतली. रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, ती नोकरी पुढे चालू ठेवली. पुढे रीतसर वेगळीही झाली. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आईला फोन करायची. तीन मिनिटं, फार तर चार. "जेवलीस का?" "जेवले." "काय केलं होतंस?" "डब्याचं आहे आई." गावाचं नाव नाही, घराचं नाही, बाबांचं तर नाहीच.

शामकांतांनी उचललेल्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी चहा केला आणि रोजच्यासारखं "अहो, चहा" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटला नाही. राग होता, पण तो नुसता शामकांतांवर असता तर चार शब्द बोलून मोकळा झाला असता. अर्धा राग दारात कणकेच्या हातांनी उभ्या राहिलेल्या बाईवर होता आणि तिच्याशी कसं भांडायचं ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी कप ठेवला आणि त्या आत गेल्या. शामकांत 'ही कधी बोलते' याची वाट बघत राहिले. एक दिवस गेला, आठ गेले. आठ दिवसांनी बोलायचं तर काय बोलायचं, आणि महिन्यानं तर त्याहून काय?

सिनेमावाले आले ते अशा घरात.

अमृत हा शामकांतांच्या ऑफिसातल्या जुन्या सोबत्याचा नातू. शामकांत साखर कारखान्याच्या ऑफिसात चौतीस वर्षं आवक-जावकला होते, आणि अमृतचे आजोबा त्यांच्या शेजारच्या टेबलाला. पोरगा पुण्यात सिनेमाचं शिकला, नोकरीच्या मागे लागला नाही आणि आता मित्रांना गोळा करून स्वतःचा सिनेमा करत होता. गाणी नाहीत, मारामारी नाही. एका लहान गावातलं एक म्हातारं जोडपं, त्यांचं घर, आणि त्या घरात साचलेलं एकटेपण. घर शोधत तो दोन महिने पुणतांब्यापासून राहुरीपर्यंत हिंडला होता. बाईंच्या घरात पाऊल टाकलं, मधल्या खोलीत उभा राहिला, आणि आपल्या सोबतच्या मुलीला हळूच म्हणाला, "सृष्टी, इथं आपल्याला काहीच करावं लागणार नाही."

ते बाईंनी ऐकलं. लागलं. तरीही त्यांनी गोजरबाईकरवी निरोप धाडला, "साहेबांना विचार, त्यांची हरकत नसेल तर माझी नाही." आणि शामकांतांनी निरोप धाडला, "त्यांना चालत असेल तर मलाही चालेल." चार वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. मनातून दोघांनाही एकच हवं होतं. घरात माणसं यावीत.

आली. नऊ जण, अकरा दिवस. अंगणात सीताफळाखाली त्यांचा चहा, ओसरीवर काळ्या पेट्या, जमिनीवर जिकडेतिकडे वायरी. पुण्याहून एक नट आणि एक नटी आले होते. दोघंही नाटकातले, वयानं घरच्या दोघांच्या बरोबरीचे, आणि माणसं साधी. कॅमेरा सुरू झाला की सगळं घर श्वास धरून उभं राही. गोजरबाईच्या हातून एकदा चमचा पडला तर आवाज टिपणारा मुलगा कळवळलाच.

"मावशी, आवाज!"

"आरं चमचाच हाय त्यो, बाँब न्हाई. तुमच्या पिच्चरमदी कुनी बोलंना, चालंना. कायतरी वाजू दे की."

सगळे हसले. अमृतसुद्धा.

सृष्टीचं काम मजेशीर होतं. कुठली वस्तू कुठे होती याचे फोटो काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच्या तशी मांडायची. दिवस उलटला तरी सिनेमात मिनिटही गेलेलं नसतं, असं तिनं बाईंना समजावलं. ती इराच्या खोलीत झोपायची. केसांचा अंबाडा पेन्सिलीत अडकवून घरभर पळायची, आणि पाठमोरी दिसली की बाईंच्या तोंडाशी इराचं नाव यायचं. त्यांनी तिला रोज वेगळं काहीतरी करून घातलं. थालीपीठ, दडपे पोहे, शेंगोळे.

"काकू, ही खोली कोणाची?"

"मुलीची."

"येतात त्या?"

"येते ना. सुट्टी मिळाली की येते."

गोजरबाई फरशी पुसत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई, मास्तरनी हाय तुमी. पोरींना खोटं बोलू नका म्हनून छड्या मारल्यात."

"मी कधीच छडी मारली नाही गं."

"मंग आता खा."

सातव्या दिवशी सकाळपासून एकाच प्रसंगावर सगळं अडलं. सिनेमातली बाई सिनेमातल्या नवऱ्यासमोर चहाचा कप ठेवते, एवढाच प्रसंग. नटीनं कप आपटून ठेवला, नुसता ठेवला, सरकवला. अमृत दरवेळी मान हलवायचा. "चिडलेली वाटते. चिडून फार दिवस झालेत तिला." शेवटी नटी वैतागली आणि दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळली. "तुम्हीच सांगा हो. नवऱ्याशी बोलणंच बंद असेल, तर कप कसा ठेवाल?"

बाईंना वाटलं, हिला कोणी सांगितलं? मग कळलं, कोणीच सांगितलेलं नाही. ती सहज विचारतेय. त्या पुढे आल्या. तिच्या हातातून कप घेतला आणि टेबलावर टेकवला. एवढा हळू की बशी वाजली नाही.

"आपटायचा नाही," त्या म्हणाल्या. "आवाज झाला की बोलल्यासारखं होतं."

अमृत टेबलाकडे बघत राहिला. पलीकडच्या दारात शामकांत पेपरची घडी हातात घेऊन उभे होते. ते वळले आणि अंगणात निघून गेले. बाईंना वाटलं, आपण भर माणसांत घराचं उघड्यावर मांडलं. दिवसभर त्या स्वयंपाकघराबाहेर आल्या नाहीत.

अकराव्या दिवशी सिनेमातला शेवटचा शॉट राहिला होता. त्याला मावळतीचं ऊन हवं होतं, आणि आधीचे दोन दिवस ढगांनी खाल्ले होते. त्या दिवशी आभाळ मोकळं झालं, पण नट-नटीचा दुसऱ्या दिवशी सकाळी नाशकात प्रयोग होता. तीन वाजता गाडी येऊन दोघांना घेऊन गेली. अमृत डोक्याला हात लावून ओसरीवर बसला. सृष्टी मात्र शामकांतांकडे बघत होती. मागून. बराच वेळ.

"दादा," ती अमृतला म्हणाली, "काकांचं आणि आत्ता गेले त्या सरांचं डोकं मागून अगदी सेम आहे."

शामकांतांचा हात आपोआप टकलावर गेला. "मला अभिनय येत नाही."

"अभिनय नकोच आहे काका, पाठ हवी आहे," अमृत उठला. "कॅमेरा बाहेर, सीताफळाखाली असेल. खिडकीच्या गजांतून तुम्ही दोघं टेबलाशी बसलेले दिसाल, पाठमोरे. नुसतं बोलायचं. सगळ्या सिनेमाभर ते दोघं बोलत नाहीत, आणि शेवटी बोलतात. पण काय बोलतात ते लोकांना कळायचं नाही. बाहेरून फक्त दिसणार की बोलतायत."

"आणि आवाज?" बाईंनी विचारलं.

"आवाज घेतच नाहीये काकू. काहीही बोला. पाढे म्हटलेत तरी चालतील."

बाईंना सिनेमातल्या बाईचं लुगडं नेसवलं, शामकांतांना त्या नटाचा सदरा घातला. दोघांना टेबलाशी बसवलं, समोर दोन ताटं, खिडकीकडे पाठ. मग सगळे बाहेर गेले. खोलीत दोघंच उरले. इतक्या जवळ ते चार वर्षांत बसले नव्हते. बाईंना त्यांच्या सदऱ्याचा वास आला. तो दुसऱ्याचा होता.

"ॲक्शन!" अमृत बाहेरून ओरडला.

शामकांत खाकरले. समोरच्या भिंतीकडे बघत त्यांनी सुरुवात केली. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक..." आणि अडकले. ओठ हलत राहिले, आकडा येईना.

"एकशे सोळा," बाईंच्या तोंडून गेलं.

शामकांतांनी चमकून पाहिलं. चार वर्षांनंतर बायकोच्या तोंडचा पहिला शब्द आकडा होता, आणि बरोबर होता.

"कट! छान. पण काका, शाळेत उभं केल्यासारखं वाटतंय. जरा सावकाश, काकूंकडे वळून. पुन्हा घेऊ."

पुन्हा "ॲक्शन" झालं. शामकांत वळले. ताटाची कड बोटानं पुसत थांबले. बाहेर कॅमेरा चालू होता. मग ते म्हणाले, "त्या दिवशी इराला मी जे बोललो, ते चुकीचं बोललो. फोन ठेवायच्या आत मला ते कळलं होतं."

बाईंनी ताटाकडे पाहिलं. ताटात सिनेमाचा भात होता, सकाळचा, गार. त्यांची मान नुसती हलली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनाही कळलं नाही.

"कट! सुंदर! काकू, ती मान हलवलीत ना, फारच छान. ऊन अजून उतरू दे, आणखी एकदा करू. अगदी असंच, हं काका. आत्ता केलंत तसंच्या तसं."

चौतीस वर्षं ज्या माणसानं पत्रांच्या नकला काढल्या, शब्द तर राहोच पण स्वल्पविरामही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला 'तसंच्या तसं' म्हटल्यावर काय होणार? आवाज टिपला जात नाहीये, ओठ हलले की पुरे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तिसऱ्या वेळी "ॲक्शन" झालं आणि शामकांत वळून, तेवढाच वेळ थांबून, त्याच आवाजात म्हणाले, "त्या दिवशी इराला मी जे बोललो, ते चुकीचं बोललो. फोन ठेवायच्या आत मला ते कळलं होतं."

पहिल्यांदा ऐकताना बाईंना ते खरं वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाटलं.

"मला कशाला सांगता?" त्या पुटपुटल्या. "तिला सांगा."

"तो तसंच्या तसं म्हणाला," शामकांत ओठ न हलवता म्हणाले. "तू मान हलव."

"कट! काकू, मान राहिली. शेवटचं एकदा. ऊन जातंय. पळापळ नको, पण लगेच!"

चौथ्या वेळी खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर होतं. शामकांत वळले. "त्या दिवशी इराला मी जे बोललो, ते चुकीचं बोललो. फोन ठेवायच्या आत मला ते कळलं होतं." बाईंनी मान हलवली. नक्कल इथं संपत होती. पण बाहेरून कोणी "कट" म्हणालं नाही आणि शामकांतांना थांबायचं कुठं ते कळेना. "कळलं होतं तर लगेच परत फोन का केला नाही, असं तू विचारशील," ते म्हणाले. "मी उद्या करू म्हणालो. दुसऱ्या दिवशी तू बोलली नाहीस. मला वाटलं, हिला सगळं कळलंय, आता हीच काय ते करेल. मग उद्या, उद्या..." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "आता तिला सांगायचं तर सुरुवात कुठून करू?"

"नावापासून," बाई म्हणाल्या. "इरा म्हणा आधी."

"इरा," शामकांत म्हणाले. भिंतीकडे बघून नाही, बाईंकडे बघून. आणि पुढे काही आलंच नाही. "इरा..."

"कट! झालं! ऊन गेलं. काका, काकू, तुम्ही कमाल केलीत!" बाहेर टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी वाजवली. सृष्टी धावत आत आली, तिनं बाईंना मिठी मारली, आणि म्हणाली, "काय बोलत होतात हो एवढं? काका तर रडल्यासारखे वाटत होते."

"पाढे," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी पेट्या टेम्पोत चढल्या. अमृत पाया पडला. सिनेमा तयार व्हायला वर्ष जाईल, मग कुठेकुठे महोत्सवांना पाठवायचा, थिएटरला लागेलच असं नाही, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. वायरी गेल्या, माणसं गेली. अंगणात चहाचे कागदी कप उरले तेवढे.

बाईंना वाटलं होतं, सकाळ वेगळी होईल. सकाळी त्यांनी चहा केला. शामकांत पेपर घेऊन बसले होते. बाई थांबल्या. ते काही बोलले नाहीत. बाईही नाहीत. आठ वाजता गोजरबाई आली आणि साडेआठला बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला, "बाई, सायेब इचारत्यात, इस्त्रीचे कपडे आले का म्हनं."

कॅमेऱ्यासमोर बोलणं झालं, कॅमेरा गेला, बोलणं गेलं. सिनेमातलं जोडपं बोललं होतं. या घरातलं नव्हे. त्या रात्रभर ज्या आशेवर जाग्या होत्या ती आशा इस्त्रीच्या कपड्यांपाशी येऊन थांबली. त्यांना इराची इतकी आठवण आली की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. आठवणीत मोठं असं काही नव्हतंच. लहानपणी ती आमटीतली आमसुलं काढून ताटाच्या कडेला रांगेनं मांडायची, ते.

त्या दिवशी गुरुवार होता. दीड वाजता इराचा फोन आला.

"जेवलीस का?"

"जेवले आई. तू?"

"इरा, एक मिनिट थांब. ठेवू नकोस."

बाई फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. गोजरबाई केव्हाच गेली होती. निरोप न्यायला कोणी नव्हतं. शामकांतांनी पेपरातून वर पाहिलं.

"अहो," बाई म्हणाल्या. तो शब्द इतके दिवस पडून होता की त्यांचा त्यांनाच परका लागला. "इराचा फोन आहे."

शामकांतांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. फोन त्यांनी उलटाच धरला, तेव्हा बाईंनी स्पीकर लावून तो टेबलावर ठेवून दिला.

"इरा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुला मी जे बोललो, ते चुकीचं बोललो. फोन ठेवायच्या आत मला ते कळलं होतं."

पलीकडे कुठलंसं यंत्र घरघरत होतं. कोणीतरी कोणाला नंबर सांगत होतं. बाई टेबलाच्या कडेला धरून उभ्या होत्या. बोल गं, काहीही बोल. शिव्या दे. खरंच दे.

"बाबा," शेवटी इरा म्हणाली. आवाज सपाट होता. "माझी सुट्टी संपली. ठेवते."

फोन बंद झाला.

"ठेवला?" शामकांतांनी विचारलं.

"ठेवला."

"रागावली."

"रागवायचा हक्क आहे तिला."

"परत करेल?"

"गुरुवारी करते."

"आज गुरुवारच आहे."

"पुढच्या."

शामकांत उठले आणि नदीकडे निघून गेले, भर दुपारी, टोपी न घालता. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं हाक मारावी, आणि त्यांनी मारली. "अहो, टोपी!" ते परत आले, टोपी घेतली, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई आली तेव्हा शामकांत स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "डाळ संपली आहे का? मी श्रीरामपूरला चाललोय." बाई म्हणाल्या, "तुरीची आणा, एक किलो." गोजरबाईच्या हातातला खराटा तसाच राहिला. ती कधी साहेबांकडे, कधी बाईंकडे बघू लागली.

"मंग आता माझं काय काम हितं?" ती म्हणाली.

"भांडी पडलीत की," बाई म्हणाल्या.

"भांडी व्हय. भांडी कुनी बी घासंल." पण पदर तोंडाला लावून ती हसत होती, आणि मग डोळ्यांना लावला.

गुरुवारी फोन आला नाही. दीड वाजले, पावणेदोन झाले, दोन झाले. चार वर्षांत पहिल्यांदा. दोघं टेबलाशी बसले होते, मध्ये फोन होता. बाईंना वाटलं, होतं तेवढंही गेलं. तीन मिनिटं मिळत होती, ती आपण लोभापायी घालवली. चहाची वेळ झाली तेव्हा शामकांतांनीच चहा टाकला. साखर जास्त पडली. बाई तो निमूट प्यायल्या.

रविवारी सकाळी बाई भाजी निवडत असताना फोन वाजला. शामकांतांचा. त्यांचा फोन कधी वाजायचाच नाही. त्यांनी आकडे वाचले आणि तो बाईंसमोर धरला. इराचा नंबर होता.

"घ्या," स्पीकर लावून देत बाई म्हणाल्या. "तुम्हालाच केलाय."

"बाबा," इरा म्हणाली, "मी दहा दिवस विचार करत होते. मला चार वर्षांपूर्वी एक प्रश्न विचारला होतात. त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. गावाला काय सांगायचं?"

प्रश्न शामकांतांचाच होता. पण या वेळी त्यांच्याकडे नक्कल करायला काही नव्हतं.

"ते मी बघतो," ते म्हणाले. "ते माझ्याकडे लागलं. गावाला सांगीन, माझी मुलगी आली आहे. त्याच्यापुढे कोणी विचारलं तर सांगीन, एवढंच आहे. तू... तुला यावंसं वाटतंय का, ते सांग."

इरा रडतेय की काय असं बाईंना वाटलं, पण ती खोकली.

"बघते," ती म्हणाली. "आई कुठंय?"

"ही काय समोर. गवार निवडतेय."

"गवार," इरा म्हणाली. "बघते बाबा. ठेवते."

शामकांतांनी फोन दोन्ही हातांत धरून ठेवला. "बघते म्हणाली."

"ऐकलं."

"बघते म्हणजे येते."

"बघते म्हणजे बघते," बाई म्हणाल्या. शाळेत असल्यासारख्या. "आणि नाहीही म्हणेल. घाई करू नका."

"घाई कुठे? मी नुसतं म्हणतोय. शनिवारी अर्धा दिवस असतो तिला?"

"महिन्यातले दोन शनिवार."

"मग दुपारची गाडी मिळाली तर संध्याकाळी श्रीरामपूरला उतरेल. तिथून रिक्षा. की मी जाऊ घ्यायला?"

"अजून यायचं ठरलं नाही हो."

"नाही ठरलं. पण ठरलं तर जाऊ ना?"

बाईंनी गवारीची शेंग मोडली. शीर निघाली ती बोटाला गुंडाळून घेतली. बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली, आणि दोघांनीही, न ठरवता, मान वळवून दाराकडे पाहिलं. रिक्षा पुढे गेली.

"दोघं जाऊ," बाई म्हणाल्या.